आगाथानं पाडलेली फळी

लार्चमाटला पाऊस पडत नाही असं नाही, पण पडायचा झाला की तो दरीपलीकडच्या गावांवर पडतो. लार्चमाटच्या वाट्याला ऊन. उतार असा की बाहेरच्या माणसानं खाली पाहताना आधी कुंपण धरावं, आणि त्या उतारावर उन्हानं काळी पडलेली लाकडी घरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचा उंबरठा. लार्चमाटच्या कोंबड्यांना खिळ्यांचे बूट घालावे लागतात, अशी दरीतल्या लोकांची जुनी चेष्टा आहे. गाव अजूनही त्यावर हसतं, कारण नवी चेष्टा करायला कोणी येत नाही.

पाणी येतं ते वरच्या हिमनदीचं. कड्याला टांगलेल्या लाकडी पन्हळींतून आणि मातीच्या पाटातून ते चारशे वर्षं येतंय. पाट बांधताना आणि सांभाळताना जे कड्यावरून कोसळून गेले त्यांचे क्रूस वाटेवर आहेत. प्लेग आला, निम्मं गाव गेलं. उरलेल्यांनी पाट चालवला. हिमलोट आला, देवळाचा मनोरा घेऊन गेला, पाट चालला. मग दरीत कारखाना आला. हिमलोटानं नेली नसतील इतकी माणसं त्यानं नेली, आणि तीही पगार देऊन. तीनशे माणसांच्या गावात एकोणीस उरली. त्यांतल्या सगळ्यात धाकट्या माणसाचे गुडघे दुखत होते.

आगाथा त्र्याहत्तर वर्षांची. गावाची पाटकरीण. आधी तिचा बाप पाटकरी होता, मग नवरा लेआंडर, आणि तो गेल्यावर ती. पाण्याची काठी तिच्याच घरात, चुलीशेजारी टांगलेली असे. काठीवर प्रत्येक घराची खूण कोरलेली: कोणाची कुऱ्हाड, कोणाचा त्रिकोण, कोणाच्या तीन रेघा. त्या क्रमानं पाण्याची पाळी. घर बंद पडलं की पाटकऱ्यानं खूण तासून टाकायची. आगाथानं आयुष्यात इतक्या खुणा तासल्या होत्या की काठी मधोमध बारीक झाली होती. नवी खूण तिनं एकदाही कोरली नव्हती. मरण्याआधी एक कोरायला मिळावी आणि काठी कोणाच्या तरी हातात द्यावी, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं. देवाला हे अवघड का जावं, हे तिला कळत नसे.

गेल्या हिवाळ्यात गावसभेनं ठरवलं, शाळेमागचं रिकामं घर एखाद्या तरुण जोडप्याला जवळजवळ फुकट द्यायचं. अट एकच, राहायचं. वर्तमानपत्रात बातमी आली आणि वसंतात झुरिचहून एक कुटुंब आलं. यानिक, त्याची बायको कोरीन, सात वर्षांची नोएमी आणि कडेवरचं एक बाळ. गाडी चढावर धापा टाकत आली तेव्हा गावातला एकूण एक पडदा हलला. स्वागताला मात्र कोणी गेलं नाही. लार्चमाटमध्ये माणसाला आधी सामान लावू देतात. सकाळी दारात अंडी, काळा पाव, चीजचा तुकडा ठेवलेला सापडला. कोणी ठेवलं ते कोणी सांगितलं नाही.

आठवड्यानं त्यांच्या दोरीवर बाळाची दुपटी वाळत पडली. ओथमार, गावसभेचा अध्यक्ष आणि आगाथाचा शाळासोबती, काठी टेकत तिच्या अंगणात आला.

"बघितलंस?"

"काय?"

"दुपटी गं. पांढरी. सोळा वर्षांनी."

"मला काय डोळे नाहीत?" आगाथा म्हणाली. तिनं ती सकाळपासून चारदा पाहिली होती, पण ते ओथमारला सांगण्यात अर्थ नव्हता.

मेमध्ये पाट साफ करायचं गावकाम निघालं. प्रत्येक घरातून एक माणूस, ही चारशे वर्षांची रीत. यानिक नवे कोरे बूट घालून आला. त्याला फावडं धरता येत नव्हतं, पण त्यानं ते सोडलंही नाही. दुपारपर्यंत त्याचे तळहात सोलले. ओथमारनं त्याला जर्दाळूची दारू दिली आणि म्हणाला, "अर्धी पी, अर्धी हातावर ओत. दोन्हीकडून सारखंच झोंबतं." यानिकनं सगळी प्यायली. सगळे हसले. त्या संध्याकाळी आगाथानं काठी खाली काढली आणि पहिल्यांदा त्यांच्या घरी गेली.

"खूण सांगा तुमची."

"आमच्या कंपनीचं बोधचिन्ह चालेल का, आगाथाबाई?" यानिकनं विचारलं.

"अरे, बाई काय म्हणतोस? इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. लवकर सांग, अंधार पडतोय."

नोएमीनं कागदावर कोंबडीचा पाय काढून दाखवला. तीन रेघा पुढे, एक मागे. आगाथानं तिथंच बसून सुरी चालवली. एक रेघ जराशी वाकडी गेली, तेव्हा तिनं म्हाताऱ्या डोळ्यांना दोष दिला. घरी येऊन तिनं काठी टांगली आणि त्या कोऱ्या पांढऱ्या खुणेवर कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसली. तिला फार आनंद झाला होता. हे ती कोणाला सांगणार नव्हती, पण झाला होता हे खरं.

जुलैत डोंगरात वादळ झालं. गावावर थेंब पडला नाही, पण वर काळ्या कड्याखाली दरड येऊन पाट तुटला. ऐन उन्हाळा, गवत गुडघ्याएवढं, बागा तहानलेल्या. सकाळीच देवळाची लहान घंटा तुटक तुटक वाजली. ती तशी वाजली की हातातलं सोडून यायचं. लेकाच्या मयतीतून उठून लोक आले आहेत. ओथमार कंबर धरत आला. ऐंशी पार केलेली साबिना दगड उचलता येत नाहीत म्हणून पाव घेऊन आली. शाळेमागच्या घरावरून जाताना आगाथाला खिडकीत यानिक दिसला, कानाला यंत्र लावून संगणकाच्या पडद्याशी बोलत होता. त्यानं तिला पाहून हात वर केला, आलोच अशा अर्थी. पण तो आला नाही. दिवस मावळेपर्यंत अकरा म्हाताऱ्यांनी दरड उपसली आणि पाणी परत वाहतं केलं.

संध्याकाळी यानिक तिच्या दारात आला. चेहरा ओशाळलेला होता, हे आगाथानंही नंतर कबूल केलं.

"आगाथा, बैठक होती. परदेशातली माणसं होती, उठताच येईना. एखादा मजूर लावला असता तर जे झाले असते ते पैसे मी देतो. उलट जास्तच देतो."

"पैसे ठेव," आगाथा म्हणाली.

यानिकला वाटलं म्हातारीनं मोठं मन केलं. आभार मानून हलक्या पावलांनी तो घरी गेला. लार्चमाटमध्ये 'पैसे ठेव'चा अर्थ काय होतो, हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. गावकामाला न येणाऱ्याचे पैसे घेत नाहीत. त्याची एक पाळी तोडतात, म्हणजे आठ दिवस पाणी नाही. पाटकऱ्यानं त्याच्या मोरीवर, म्हणजे पाटातून वाफ्यांत पाणी शिरतं त्या तोंडावर, आडवी फळी पाडायची आणि फळीला लार्चच्या झाडाची डहाळी बांधायची. डहाळी असली की त्या फळीला कोणी हात लावत नाही, ना मालक, ना शेजारी. पाळीभर त्या घराला कोणी पाणी देत नाही, त्याबद्दल कोणी बोलत नाही. पाळी संपली की पाटकऱ्यानं स्वतः फळी उचलायची, चीज आणि वाइन घेऊन त्या घरी जायचं, एका ताटात जेवायचं. मग तो विषय कायमचा संपला.

ओथमारला अंदाज होता. तो रात्रीचं जेवण झाल्यावर मुद्दाम आला.

"या खेपेला राहू दे, आगाथा. नवखी माणसं आहेत."

"म्हणूनच नाही राहू देणार."

"हट्टीपणा आहे हा."

"हे बघ. पाहुण्याचं पाणी आपण कधी तोडतो का? उन्हाळ्यात येणारी ती बासेल शहरातली डॉक्टरीण एकदा तरी गावकामाला आली? तिची फळी पाडली कोणी? नाही. कारण ती कोणी नाही. तुला ही पोरं तशी हवीत? वरवर गोड बोलून बाहेर ठेवायची?"

"त्यांना निदान सांग तरी."

"सांगून फळी पाडतात? माझ्या बापानं त्याच्या सख्ख्या भावाची पाडली, सांगितलं होतं त्याला? कळतं माणसाला."

ओथमार काठी टेकून उठला, कारण रीतीनं बघितलं तर तिचं बरोबर होतं. आणि आगाथाला आतून आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी ओथमारलाही ठाऊक होती. लेआंडर पलीकडच्या खोऱ्यातला. लग्न करून इथं आला तेव्हा चार वर्षं गाव त्याच्याशी फार आदरानं वागलं. गावकाम चुकलं तर म्हणत, असू दे, असू दे. एका उन्हाळ्यात तो बाजाराला गेला आणि घंटा चुकली. घरी येऊन बघतो तर मोरीवर फळी आणि तिला डहाळी. लेआंडरनं तळघरातून वाइनची बाटली आणली, फळीशेजारी गवतात बसला आणि एकट्यानं संपवली. "आज मी इथला झालो गं," तो म्हणाला होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. जो आपल्याला ओरडतच नाही तो आपल्याला घरचं मानत नाही, हे ती त्या दिवशी शिकली. आणि नको तितकं पक्कं शिकली.

पहाटे तिनं कोंबडीच्या पायाच्या घराची फळी पाडली आणि ताजी डहाळी बांधली. हे मनावर दगड ठेवून केलं असं नाही. खरं तर तिच्या मनात अभिमान होता.

जुलैचं ऊन. दुसऱ्या दिवशी वाफे पांढरे पडले. चौथ्या दिवशी घेवड्याची पानं वळली. नोएमीनं लावलेला भोपळ्याचा वेल जमिनीला चिकटला. यानिक मोरीपाशी गेला, डहाळी पाहिली, काय आहे ते त्याला समजलं नाही, पण हात लावायचा नाही एवढं समजलं. मग दोघंजण चौकातल्या हौदावरून बादल्या वाहू लागली. चढ, बाळ पाठीला बांधलेलं, कोरीनच्या दोन्ही हातांत बादल्या. निम्मं पाणी वाटेतच सांडे. गावातला एकूण एक पडदा पुन्हा हलला आणि कोणी बाहेर आलं नाही. मदत करणं म्हणजे त्या घराचा अपमान. माझी शिक्षा मी भोगतोय आणि तू दया दाखवतोस, म्हणून पूर्वी डोकी फुटली आहेत. साबिना तर खिडकी लावून जपमाळ घेऊन बसली.

पाचव्या दिवशी कोरीन आगाथाच्या दारात आली. मनगटापर्यंत हात लाल झाले होते.

"आगाथा, आमचं काय चुकलं ते सांगा ना. यानिक त्या दिवशी आला नाही म्हणून? त्यानं माफी मागितली होती तुमची."

"तुम्हाला ठाऊक आहे," आगाथा म्हणाली.

"मला वाण्याकडेही कोणी काही बोललं नाही. सगळे मान फिरवतात. नोएमी विचारते, आजीला आपण आवडत नाही का?"

आगाथाच्या तोंडाशी आलं होतं. अगं वेडे, आवडता म्हणून तर. पण पाळी संपायच्या आत बोललं की फळीला अर्थ राहत नाही. "तीन दिवस राहिलेत," एवढंच ती म्हणाली. दार लावून घेतल्यावर ती तिथंच उभी राहिली. बादल्यांच्या कड्यांचा आवाज चढावर लांब जाईपर्यंत तिचा हात कडीवर होता. एकदा कडी उघडलीही. मग तिनं ती परत लावली. ती कडी उघडी राहिली असती तर, हा विचार पुढे तिचा पिच्छा सोडणार नव्हता.

पाळी संपली त्या सकाळी आगाथानं चांगला झगा घातला. लेआंडरनं त्याच्या शेवटच्या वर्षी केलेलं चीज तिनं तळघरात जपलं होतं. स्वतःच्या मयतीला येणाऱ्यांसाठी ठेवलं होतं ते, पूर्वी ठेवत तसं. ते तिनं उचललं. वाइन घेतली. काठीही बगलेत मारली, कारण जेवण झालं की ती यानिकच्या हातात देऊन ती म्हणणार होती, पुढच्या वर्षीपासून हे तू बघ. मोरीपाशी थांबून तिनं डहाळी सोडली, फळी उचलली. पाणी खळखळत वाफ्यांत शिरलं.

घराच्या दारात गाडी उभी होती. मागचं झाकण उघडं. आत गाद्या, पाळणा, गुंडाळलेला गालिचा.

"पाळी संपली," आगाथा म्हणाली. चीज दोन्ही हातांत. "पाणी आलं बघा."

यानिक खोकं ठेवून वळला. "तुमचं पाणी तुमच्याजवळ राहू द्या, आगाथाबाई."

पुन्हा बाई. तिला तो शब्द लागला.

"अरे, आज जेवायचं असतं. एका ताटात. अशी रीत आहे."

"रीत?" कोरीन दारातून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आठ दिवस मी बाळाला पाठीवर घेऊन पाणी भरलं. एकोणीस माणसांनी पडद्याआडून बघितलं. एकानं बादलीला हात लावला नाही. आमच्या आयुष्यात कोणी आम्हाला असं वाळीत टाकलं नव्हतं."

"वाळीत नाही गं. वाळीत कसं? आम्ही... फळी फक्त घरच्यांची पाडतात. पाहुण्यांची नाही पाडत."

"घरच्यांची?" कोरीन हसली. फार थकलेलं हसू होतं ते. "तुमच्याकडे घरच्यांना असं वागवतात?"

 लेआंडरची गोष्ट सांगायला हवी होती, बाटली, गवत, डोळ्यांतलं पाणी. पण इतक्या वर्षांत आगाथानं ती गोष्ट कोणाला सांगितलेली नव्हती, आणि मनातलं बोलायची सवय एका सकाळीत लागत नाही. ती नुसती चीज धरून उभी राहिली. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून नोएमीनं तिला हात केला, कारण ती लहान होती. पाणी एव्हाना भोपळ्याच्या वेलापर्यंत पोचलं होतं.

नंतर कोणी आगाथाला बोल लावला नाही. तिला वाटलं ओथमार येईल, शिव्या घालेल, म्हातारे तू गाव बुडवलंस म्हणेल. ओथमार आला, हवेबद्दल बोलला आणि म्हणाला, "जरा जप गं तब्येतीला." साबिनानं तिच्या दारात सार ठेवून दिलं. वाणी तिला आधी सामान देऊ लागला. ऑगस्टच्या शेवटी सरकारी कचेरीतून कळवलं की माणसं फारच कमी उरल्यानं हिवाळ्यात टपालाची पिवळी बस गावात चढणार नाही, खालच्या फाट्याशी थांबेल. गावसभेत ते वाचून दाखवलं गेलं. आगाथाकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून तिच्याशी इतकं सांभाळून वागायला सुरुवात केली की तिला गुदमरल्यासारखं झालं. तिनं काठीवरची कोंबडीच्या पायाची खूण तासायला सुरी घेतली आणि परत ठेवली.

सप्टेंबरात शेवटच्या गवताला पाणी चाललं होतं. वर पन्हळीचं एक फळकूट निसटलं आणि लहान घंटा तुटक तुटक वाजली.

आगाथा उठली नाही. चुलीपाशी खुर्ची घेऊन हात मांडीवर ठेवून बसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा गावकामाला गेली नाही. खिडकीखालून ओथमारची काठी वाजत गेली, मग साबिनाची पावलं. घंटा थांबली. दुपारी वरून हातोड्याचे ठोके आले. ती कान देऊन बसली होती. तिला तिची फळी पाडलेली हवी होती. दुसरं काही तिला सुचत नव्हतं. कोणीतरी यावं, तिच्या मोरीवर फळी आपटावी, डहाळी बांधावी. तिनं चूक केली, तिला तोडा, आठ दिवस तोंड फिरवा, आणि मग एक दिवस चीज घेऊन या.

संध्याकाळी माणसं परतली. ती वाट बघत राहिली. उजाडताच शाल घेऊन मोरीपाशी गेली.

पाणी वाहत होतं. पूर्ण धार. कोणीतरी मोरीच्या तोंडात अडकलेला पाचोळाही काढून बाजूला ठेवला होता, तिला वाकावं लागू नये म्हणून.

ओथमार वरच्या कुंपणापाशी उभा होता. त्यालाही झोप लागली नसावी.

"ओथमार," आगाथा म्हणाली, "मी काल आले नव्हते."

"हो गं. असू दे, असू दे."

"फळी पाड माझी."

"काहीतरीच काय बोलतेस."

"रीत आहे. तू अध्यक्ष आहेस. पाड म्हणते ना मी."

ओथमारनं तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "कशासाठी पाडायची, आगाथा? फळी पाडायची ती माणूस पुढच्या वेळी यावं म्हणून ना? आता पुढची वेळ कुठली आलीय? तू थकलीस, घरात बस. आम्ही बघू जमेल तोवर." तो फार मायेनं बोलला, उन्हाळ्यात येणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी बोलतो तसा, आणि काठी टेकत उतरून गेला.

आगाथा वाकली. गवतात पडलेली फळी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतःच्या मोरीवर पाडली. लार्चची डहाळी तोडून बांधली. पाणी थांबलं, फळीमागे साचलं. ते बराच वेळ तसंच राहिलं. ती समोरच्या दगडावर बसून होती. आपण पाडलेल्या आपल्या फळीला काही अर्थ नसतो, हे तिच्याइतकं त्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पाणी वरपर्यंत चढलं, काठावरून सांडलं आणि शाळेमागच्या रिकाम्या घराच्या दिशेनं वाहू लागलं.